दूध टाकणाऱ्या बाळाची झोप

नवी मुंबईतील घरे लहान, पण घरातली मते मोठी. वाशी, नेरूळ, कोपरखैरणे किंवा खारघर, कोठल्याही वसाहतीत ज्या घरी तान्हे बाळ आहे तेथे रात्री दोन वाजता दिवा हमखास लागलेला असतो. बाळ नुकतेच दूध प्यायलेले असते, आईच्या खांद्यावर त्याने एक लहानशी गुळणी टाकलेली असते, आणि आता त्याला खाली कसे ठेवायचे यावर घरातल्यांची बैठक बसलेली असते.

"अगं, उताणं नको ठेवूस. दूध घशात अडकेल. पालथं घाल, बघ कसं शांत झोपतं ते," सासूबाई म्हणतात.

"पण आई, डॉक्टरांनी उताणंच झोपवायला सांगितलंय," सून हळूच म्हणते.

"मग डोक्याखाली उशी देऊ या जरा जाड. उतार झाला की दूध वर येणार नाही," बाळाचे बाबा मध्यममार्ग काढतात.

तिघांचेही बाळावर प्रेम आहे. तिघांनाही एकच भीती आहे, की झोपेत दूध वर येईल आणि बाळाचा श्वास कोंडेल. मात्र या तिघांपैकी सुनेचे म्हणणे तेवढे बरोबर आहे. दूध टाकणाऱ्या बाळालाही उताणेच, सपाट आणि टणक अंथरुणावर, उशीशिवाय झोपवावे, असे आजचे बालवैद्यक निःशंकपणे सांगते. ऐकायला हे उलटे वाटते. म्हणूनच ते नीट समजून घेतले पाहिजे. कारण नुसते "डॉक्टरांनी सांगितले" म्हणून केलेली गोष्ट रात्री दोन वाजता, बाळ रडत असताना, टिकत नाही.

दूध वर का येते?

घशापासून पोटापर्यंत जाणारी अन्ननलिका नवजात बाळात जेमतेम आठ-दहा सेंटिमीटर लांब असते. ती जेथे पोटाला मिळते तेथे स्नायूंचे एक वर्तुळ असते. पिशवीच्या तोंडाला नाडी असावी तसे ते असते. अन्न खाली जाताना ते उघडते आणि एरवी मिटलेले राहते. बाळपणी ही नाडी अजून कच्ची असते आणि अधूनमधून आपोआप सैल पडते. त्यात बाळाचा सगळा आहार पातळ, पोट लहान, आणि दिवसाचा बहुतेक वेळ आडवे पडण्यात जातो. मग थोडे दूध उलट दिशेने वर आले तर नवल ते काय! डॉक्टर याला रिफ्लक्स म्हणतात. आपल्या घरांत "बाळ दूध टाकतं" असे म्हणतात. गोष्ट एकच.

हे किती सर्रास घडते याचा अंदाज अमेरिकेत शिकागोच्या परिसरात झालेल्या आणि १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीवरून येतो. तीन महिन्यांपर्यंतच्या बाळांपैकी निम्मी बाळे दिवसातून एकदा तरी दूध टाकत होती. चौथ्या महिन्यात हे प्रमाण शेकडा ६७ पर्यंत चढले. आणि दहा ते बारा महिन्यांच्या बाळांत ते शेकडा ५ वर उतरले. म्हणजे चौथ्या महिन्यात त्रास वाढलेला दिसला तरी घाबरण्याचे कारण नाही. शिखरानंतर उतारच असतो. आपल्याकडे सहाव्या महिन्याच्या सुमारास उष्टावण होते, बाळ हळूहळू बसू लागते, आहार घट्ट होतो आणि दुपट्यांची धुणी कमी होत जातात. वर्षाच्या आतबाहेर बहुतेक बाळे या त्रासातून आपोआप सुटतात.

दूध टाकूनही जे बाळ हसते, खेळते, पुन्हा भूक लागली की रडते आणि ज्याचे वजन वाढत राहते, त्याला आजार नाही. त्याचा त्रास धुणे धुणाऱ्यालाच अधिक!

उताणे बाळ गुदमरत का नाही?

सासूबाईंच्या भीतीचे उत्तर शरीराच्या रचनेत आहे. आपल्या गळ्यात दोन नळ्या एकीपुढे एक असतात. श्वासनलिका पुढे, म्हणजे छातीच्या बाजूला. अन्ननलिका मागे, पाठीच्या कण्याला लागून. बाळ उताणे झोपले की श्वासनलिका वर आणि अन्ननलिका खाली येते. पोटातून दूध घशाशी आले तरी ते खालच्या नळीच्या तोंडाशीच साचते. श्वासनलिकेत शिरायचे तर त्याला चढ चढावा लागेल. बाळ तेवढ्यात ते गिळून टाकते, नाहीतर खोकून बाहेर काढते. ती शक्ती निसर्गाने त्याला जन्मतःच दिलेली आहे.

आता तेच बाळ पालथे घाला. अन्ननलिका वर आली, श्वासनलिका खाली गेली. वर आलेल्या दुधाला आता उतार मिळाला, आणि तो नेमका श्वासाच्या वाटेकडे.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. पालथ्या बाळाचे दूध कमी वेळा वर येते आणि ते गाढ झोपते, हे सासूबाईंचे निरीक्षण खोटे नाही. पण ही गाढ झोपच घातक ठरू शकते. पालथे बाळ सहजासहजी जागे होत नाही. नाक-तोंड गादीत रुतले तर आपणच सोडलेली हवा ते पुन्हा पुन्हा आत घेते. अंगातली उष्णताही नीट बाहेर पडत नाही. अशा वेळी ज्या बाळाने दचकून मान वळवायची, रडायचे, ते झोपूनच राहते. वरवर निरोगी असलेले बाळ झोपेतच दगावते आणि कारण सापडत नाही, अशा घटनांना डॉक्टर "सडन इन्फंट डेथ सिंड्रोम" म्हणतात. एक ते चार महिन्यांच्या काळात हा धोका सर्वांत जास्त. नेमका हाच काळ बाळाचे दूध टाकणे वाढण्याचा असतो, म्हणून घरातली गफलतही याच काळात होते.

कुशीवर झोपवणे हा मधला मार्ग वाटतो. पण कुशीवरचे बाळ कलंडते आणि पालथे होते. तोही मार्ग सोडलेला बरा.

जाणत्यांचीही चूक झाली होती

सासूबाईंना दोष देण्याआधी हेही ध्यानात घ्यावे की, ही चूक जगातल्या मोठमोठ्या जाणकारांनी केलेली आहे. अमेरिकेतील डॉ. बेंजामिन स्पॉक यांचे बालसंगोपनावरचे पुस्तक १९४६ साली निघाले आणि इंग्रजी जाणणाऱ्या असंख्य घरांत पोचले. त्याच्या १९५८ सालच्या आवृत्तीत बाळाला पालथे झोपवावे असा सल्ला होता. आणि कारण हेच, की उताणे बाळ ओकले तर गुदमरेल. तर्क सरळ होता, हेतू चांगला होता. पण कोणी मोजून पाहिलेले नव्हते.

पुढे मोजले गेले, तेव्हा धक्का बसला. १९८० च्या दशकात हॉलंड, ब्रिटन, न्यूझीलंड अशा देशांत झोपेत दगावलेल्या बाळांची माहिती गोळा झाली आणि त्यांतली बरीचशी बाळे पालथी झोपवलेली होती असे दिसून आले. ब्रिटनमध्ये ॲन डायमंड या दूरदर्शनवरील प्रसिद्ध निवेदिकेचा चार महिन्यांचा मुलगा सेबास्टियन १९९१ साली असाच झोपेत गेला. शोक करीत बसण्याऐवजी ही माता न्यूझीलंडला गेली, तेथे पालकांना दिला जाणारा सल्ला तिने समजून घेतला आणि परत येऊन सरकारच्या मागे लागली. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये बाळांना उताणे झोपवण्याची मोहीम सुरू झाली. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने १९९२ साली पालथे झोपवू नका असे सांगितले आणि १९९४ साली तेथेही देशव्यापी मोहीम निघाली. त्यानंतर काही वर्षांतच या देशांत झोपेतले असे मृत्यू निम्म्यावर आले किंवा त्याहूनही खाली गेले. आणि ज्याची सर्वांना भीती होती ते, म्हणजे उताणी बाळे दूध घशात अडकून दगावणे, वाढल्याचे आढळले नाही.

२००५ साली संशोधकांनी या सगळ्या जुन्या माहितीचा हिशेब मांडला. पालथे झोपवणे घातक आहे हे १९७० पर्यंतच्या पुराव्यांवरूनही कळू शकले असते; ते वेळीच ओळखले असते तर ब्रिटनमध्ये दहा हजारांहून अधिक आणि युरोप, अमेरिका व ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड मिळून किमान पन्नास हजार बाळे वाचली असती, असा त्यांचा निष्कर्ष होता. एका समजुतीची केवढी ही किंमत!

आपल्या आज्यापणज्यांनी मात्र पाळण्यात बाळाला उताणेच घातले. बाळाचा चेहरा दिसला पाहिजे, त्याच्याशी बोलता आले पाहिजे, हा त्यांचा हिशेब. दूध टाकणाऱ्या बाळासाठी तो जुना रिवाज मोडू नये, एवढेच आजचे शास्त्र सांगते.

उशी, उतार आणि झोळी

आता बाबांच्या मध्यममार्गाकडे वळू. डोक्याकडची बाजू उंच केली की दूध खाली राहील, हे बोलायला सोपे आहे. पूर्वी डॉक्टरही पाळण्याच्या पायांखाली विटा ठेवा असे सांगत. पण तपासून पाहता झोपलेल्या बाळाला अशा उताराचा काही फायदा होत नाही असे दिसले. उलट बाळ घसरत खाली येते, कमरेत दुमडते आणि हनुवटी छातीला टेकते. बाळाचे डोके अंगाच्या मानाने जड आणि मान कोवळी. हनुवटी टेकली की श्वासाची मऊ नळी दबते. मोठ्या माणसाला घुसमटले तर तो कूस बदलतो. दोन महिन्यांच्या बाळाला ते जमत नाही.

अमेरिकेतील फिशर-प्राइस या खेळणी बनवणाऱ्या कंपनीने २००९ साली एक उतरता पाळणा बाजारात आणला. ज्या रचनाकार बाईंना त्याची कल्पना सुचली त्यांच्या स्वतःच्या बाळालाच दूध वर येण्याचा त्रास होता. लाखो घरांनी तो विश्वासाने घेतला. २०१९ च्या एप्रिल महिन्यात, तिसाहून अधिक बाळांच्या मृत्यूंशी त्याचा संबंध जोडला गेल्यावर, सुमारे ४७ लाख पाळणे परत मागवावे लागले. २०२२ साली तेथे कायदाच झाला, की दहा अंशांहून अधिक उतार असलेले बाळाचे झोपण्याचे साधन विकता येणार नाही. तसले उतरते पाळणे आणि फुगीर खुर्च्या आपल्याकडच्या दुकानांतही मिळतात. त्या बाळाला जागेपणी, नजरेसमोर, थोडा वेळ बसवण्यापुरत्या वापराव्यात. मोटारीतील बाळाच्या आसनाचेही तेच. प्रवासात ते हवेच. पण घरी पोचल्यावर झोपलेल्या बाळाला त्यातून काढून सपाट जागी ठेवावे.

झोळीचे काय करावे? नवी मुंबईतील नव्या सदनिकांच्या छताला पाळण्याची कडी नसते, म्हणून लोखंडी चौकटीची, स्प्रिंगला टांगलेली झोळी अनेक घरांत येते. झोळीत बाळ धनुष्यासारखे वाकते आणि कापड तोंडावर येण्याचाही संभव असतो. झोळीत घालून, जवळ बसून, अंगाई म्हणून रडणारे बाळ शांत करायला हरकत नाही. पण डोळा लागला की त्याला सपाट अंथरुणावर उताणे ठेवावे. रात्रभराची झोप झोळीत नको.

बारशाला आलेले अंथरुणाचे संचही एकदा डोळसपणे पाहावेत. छत्रीसारख्या उघडणाऱ्या मच्छरदाणीत एक मऊ गादी, एक उशी आणि दोन्ही बाजूंना दोन लोड असतात. मच्छरदाणी अवश्य वापरावी. खाडीकाठच्या शहरात डासांना काय तोटा! उशी आणि लोड मात्र काढून कपाटात ठेवावेत. डोके गोल व्हावे म्हणून दिली जाणारी मोहरीची उशीही त्यांच्या सोबतच जावी. वर्षाच्या आत बाळाला उशी लागत नाही. डोके एका बाजूने चपटे होऊ नये म्हणून बाळ जागे असताना, आपण समोर बसून, दिवसातून काही वेळा पालथे खेळवावे. मात्र दूध पाजल्यावर लगेच नव्हे. त्याने मानही धरते.

गादी दाबून पाहावी. हात रुतला तर ती मऊ आहे. चादर ताणून बसवावी. गोधडी, मऊ खेळणी, जाड पांघरूण जवळ नको. उन्हाळ्यात आणि पावसाळ्याच्या दमट हवेत बाळाला कुंची-टोपरे घालून दुपट्यात घट्ट बांधू नये. पातळ झबले पुरते. पंखा चालू ठेवायला हरकत नाही. दुपट्यात गुंडाळायचेच असेल तर पाय हलतील इतके सैल असावे, बाळ उताणे असावे, आणि ते कुशीला वळू लागले की गुंडाळणे बंद करावे. पुढे बाळ आपल्या आपण पालथे-उताणे होऊ लागले की झोपवताना उताणे ठेवावे. नंतर ते स्वतः वळले तर पुन्हा पुन्हा उठून सरळ करीत बसण्याची गरज नाही.

बाळ आईच्या खोलीतच, हाताच्या अंतरावर, पण स्वतःच्या अंथरुणावर असावे. एका खोलीच्या घरात हे कठीण वाटेल. पण पलंगाशेजारी जमिनीवर घातलेली टणक गादीही चालते. सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत बाळाला छातीवर घेऊन डुलकी काढणे मात्र फार धोक्याचे. आणि घरात कोणी विडी-सिगारेट ओढत असेल तर बाळासाठी ती सोडण्याचा मुहूर्त आजचाच. तंबाखूचा धूर झोपेतल्या मृत्यूचा धोका वाढवतो. शेगडीवर ओवा-धूप टाकून दिलेली धुरीही बाळाच्या नाजूक छातीला सोसत नाही.

मग बाळाला आराम कसा द्यावा?

अंथरुणात बदल करायचा नाही, तर करायचे काय? आराम द्यायचा तो जागेपणी, पाजण्याच्या आगेमागे.

थोडे थोडे, अधिक वेळा पाजावे. बाळ रडले की प्रत्येक वेळी भूकच असते असे नाही. पोट भरलेल्या बाळाला पुन्हा पाजले की ते पुन्हा टाकते आणि पुन्हा रडते. अंगावर पिताना स्तनाग्राभोवतीचा काळसर भाग पुरेसा तोंडात जातो का, हे पाहावे. नुसते टोक चोखणारे बाळ हवाही गिळते. बाटली देणे भाग असेल तर बुचाचे छिद्र मोठे नको आणि बाटलीचे तोंड दुधाने भरलेले राहावे. मध्येच थांबून खांद्यावर घ्यावे, पाठीवर हळू थोपटून ढेकर काढावा.

पाजून झाल्यावर वीस ते तीस मिनिटे बाळाला उभे धरावे. हे काम आईनेच करावे असा कोठे नियम आहे? पाजणे आईचे, उभे धरणे बाबांचे अशी वाटणी करावी. या वेळी बाळाला हिंदकळवू नये, वर उडवू नये. लंगोटाची किंवा डायपरची पट्टी पोटावर आवळलेली नसावी. लंगोट बदलताना दोन्ही पाय वर उचलून पोटाशी दाबले की दूध हमखास वर येते. त्याऐवजी बाळाला किंचित कुशीवर वळवून बदलावे. मालिश आणि आंघोळ पाजण्याच्या आधी असावी. मालिशवाल्या बाईंची वेळ सकाळी नऊची असेल तर त्याच्या ऐन आधी पाजू नये, हे त्यांनाही सांगून ठेवावे.

दूध घट्ट व्हावे म्हणून त्यात तांदळाची पेज किंवा नाचणीचे सत्त्व मिसळण्याचा सल्ला कोणी देईल. सहा महिने पूर्ण होईपर्यंत आईचे दूधच द्यावे. मनाने काही मिसळू नये.

सहाण, बाटली आणि मध

पोटात गुबारा धरला म्हणून ग्राइप वॉटर देण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. हे मिश्रण इंग्लंडमधील नॉटिंगहॅमच्या विल्यम वुडवर्ड या औषध-विक्रेत्याने १८५१ साली तयार केले. मूळ मिश्रणात शेपूचे तेल, सोडा, साखर आणि चक्क मद्यार्कही होता! बाळ शांत होई यात आश्चर्य कसले? पुढे मद्यार्क काढला गेला. पण वर येणारे दूध त्याने थांबते असे सिद्ध झालेले नाही.

बाळगुटीचेही तसेच. सहाणेवर उगाळलेल्या जायफळाने बाळाला गुंगी येते, आणि सहज जागे न होणे हाच तर झोपेतला धोका आहे. गुटी मधातून देत असाल तर आणखी एक कारण: मधात असू शकणाऱ्या जंतुबीजांमुळे वर्षाच्या आतील बाळाला बॉट्युलिझम हा स्नायू लुळे करणारा आजार होऊ शकतो. म्हणून पहिला वाढदिवस होईपर्यंत मध बोटभरही नको. आजीची माया दाखवायला अंगाई आहे, मांडी आहे, गोष्टी आहेत. त्यांना वयाची अट नाही.

आम्लता कमी करणारी औषधेही शेजारच्या बाळाला दिली म्हणून आपल्या बाळाला देऊ नयेत. साध्या दूध टाकण्याला बहुधा औषध लागतच नाही.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

पहिली खूण वजनाची. पहिल्या तीन महिन्यांत बाळाचे वजन दिवसाला साधारण वीस ते तीस ग्रॅम वाढते. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसींना जाल तेव्हा वजन करून माता-बाल संरक्षण कार्डावरील आलेखात टिंब मांडून घ्यावे. टिंबे वर चढत असतील तर चिंता निम्मी सरली. दुसरी खूण लघवीची: दिवसातून सहा वेळा तरी लंगोट ओला व्हावा.

पुढील गोष्टी दिसल्या तर मात्र थांबू नये. हिरवी उलटी होणे, उलटीत रक्त किंवा कॉफीसारखे तपकिरी कण दिसणे, काही आठवड्यांच्या बाळाने प्रत्येक वेळी पिचकारीसारखी जोरात उलटी करणे, कारण पोटाच्या खालच्या तोंडाचा स्नायू जाड झाल्यास असे होते आणि त्याला शस्त्रक्रिया लागते, दूध नाकारणे, पाठीची कमान करून कळवळणे, पोट फुगणे, टाळू उचललेली दिसणे, तीन महिन्यांच्या आतील बाळाला ताप येणे, बाळ मलूल होणे, शौचात रक्त दिसणे. हे शेवटचे लक्षण कधी गाईच्या दुधातील प्रथिने न सोसल्यामुळेही असते. अशा वेळी अंगावरचे दूध बंद करू नये. आईच्या आहारात काय बदलायचे ते डॉक्टर सांगतात. सहा महिन्यांनंतर नव्यानेच दूध टाकणे सुरू झाले किंवा पहिला वाढदिवस उलटूनही थांबले नाही, तरी दाखवून यावे. बाळ निळे पडले किंवा श्वास थांबल्यासारखा वाटला तर १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी किंवा थेट रुग्णालय गाठावे. वाशी, नेरूळ आणि ऐरोली येथे नवी मुंबई महानगरपालिकेची रुग्णालये आहेत. आपल्या घराला जवळचे कोणते, हे दिवसा उजेडी पाहून ठेवावे.

वेळेआधी जन्मलेल्या बाळांच्या पालकांचा एक गोंधळ होतो. अतिदक्षता विभागात परिचारिका बाळाला पालथे ठेवताना त्यांनी पाहिलेले असते. तेथे श्वास आणि हृदय मोजणारी यंत्रे लावलेली असतात, माणूस जागा असतो. घरी आल्यावर अशा बाळालाही उताणेच झोपवावे. गळ्याच्या किंवा श्वासमार्गाच्या रचनेतच दोष असलेली काही थोडी बाळे याला अपवाद असतात. तो निर्णय त्यांच्या डॉक्टरांचा.

आणि आईची झोप?

सिडकोची स्थापना १९७० साली झाली आणि खाडीच्या या बाजूला नवे शहर उभे राहू लागले. साताऱ्या-सांगलीहून, कोकणातून, मुंबईच्या चाळींतून माणसे येथे आली. भांडीकुंडी बरोबर आली, पण आजी बहुधा गावीच राहिली. ती येते सव्वा महिन्यापुरती. ती परत गेली, नवरा कामावर गेला, की चार भिंतींत आई आणि दूध टाकणारे बाळ दोघेच उरतात. अशा वेळी "माझंच दूध त्याला बाधतंय का?" हा विचार मनात घर करतो. बाधत नसते, बाईसाहेब! आईचे दूध पोटातून लवकर पुढे सरकते. दूध वर येणाऱ्या बाळाला तेच सर्वांत सोसते.

लहान बाळाकडे घरी येऊन लक्ष देण्याचे महत्त्व महाराष्ट्रानेच जगाला दाखवले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या "सर्च" संस्थेने गावच्या बायकांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवले आणि १९९९ साली त्याचे निष्कर्ष "लॅन्सेट" या वैद्यकीय नियतकालिकात आले: नवजात बाळांचे मृत्यू शेकडा ६२ इतके घटले होते. २०११ पासून देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी भेटी देतात, त्याचे मूळ तेथे आहे. शहरात आपल्या दारी आशाताई किंवा परिचारिका आली तर तिला दारातूनच निरोप देऊ नये. बाळ कसे झोपते ते तिला दाखवावे, मनातले विचारावे.

थकलेली आई बाळाला छातीवर घेऊन सोफ्यावर झोपी जाते, किंवा "पालथं तरी झोपतंय" म्हणून तसेच राहू देते. याला निष्काळजीपणा म्हणू नये. तिला चार तास सलग झोप मिळाली नाही याचा तो परिणाम असतो. म्हणून दूध टाकणाऱ्या बाळाच्या घरात आईची झोप हाही उपचाराचाच भाग धरावा. रात्री एकदा बाबांनी उठावे. शेजारणीने दुपारी तासभर बाळ सांभाळावे. आईला सारखे रडू येत असेल, कशातच मन लागत नसेल, तर तेही डॉक्टरांना सांगावे. त्यात लाज कसली?

आणि सासूबाईंशी वाद घालू नये. दोन नळ्या कशा असतात हे कागदावर काढून दाखवावे, आणि एका गुळणीपाठोपाठ धुवायची दुपटी किती होतात याची मोजणी त्यांच्याकडे सोपवावी. चौथ्या महिन्यात ती सर्वांत जास्त भरतील, उष्टावणानंतर कमी होत जातील, आणि एके दिवशी बाळ उठून बसेल, वरणभाताचा घास आजीच्याच पदराला पुसेल. तोवर बाळ उताणे, अंथरुण सपाट, आणि उशी कपाटात!